संमतीपत्रावरची सही

२०२५ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. रविवारची सकाळ, मी निवांतपणे पोह्यांसाठी कांदा चिरत होतो, आणि डॅलसहून भाचीचा फोन आला. (सख्खी नाही, चुलतबहिणीची मुलगी. पण मामा म्हणते आणि मामावर हक्कही गाजवते.) तिकडे पहाटेचे चार वाजले होते, पण घरात तान्हं बाळ असलं की घड्याळाला फारसा अर्थ राहत नाही. बाळ आठ महिन्यांचं, चांगलं गुटगुटीत. प्रश्न असा, की त्याला कोविडची लस द्यायची की नाही? तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणते, सहा महिने ते दोन वर्षांच्या सगळ्या बाळांना द्या. सरकारी सीडीसी म्हणते, डॉक्टरांशी बोलून तुमचं तुम्ही ठरवा. "मामा, आता यातलं कोणाचं ऐकायचं? आणि तुम्ही तेव्हा काय केलं होतं?"

त्या शेवटच्या प्रश्नाला मी सुरी खाली ठेवली. कारण तेव्हा, म्हणजे २०२१ च्या सप्टेंबरात, आमच्या डर्बीच्या घरात याच विषयावरून जे काही झालं होतं, ते आठवायची माझी फारशी इच्छा नसते.

आमची कन्या तेव्हा तेरा वर्षांची होती आणि चिरंजीव सात वर्षांचे. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी, म्हणजे एमएचआरएने, फायझरच्या लशीला १२ ते १५ वयोगटासाठी ४ जून २०२१ लाच मंजुरी दिली होती. आम्हाला वाटलं, चला, सुटलो. पण इथे लस कोणाला द्यायची हे जेसीव्हीआय नावाची तज्ज्ञांची समिती सांगते. त्या समितीने जुलैत सांगितलं, धडधाकट मुलांना सरसकट नको. ऑगस्टमध्ये सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना हो म्हटलं. ३ सप्टेंबरला १२ ते १५ च्या धडधाकट मुलांबद्दल म्हटलं, की फायदा धोक्यापेक्षा किंचित जास्त आहे, पण सगळ्यांना लस द्या असं सुचवण्याइतका नाही. आणि दहाच दिवसांनी, १३ सप्टेंबरला, इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड या चारी ठिकाणच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मिळून सांगितलं, एक डोस द्या!

आता सांगा, आईबापांनी काय समजायचं?

या सगळ्याच्या मधोमध, १० सप्टेंबरला, गणपती बसले. आदल्या वर्षी आरती लॅपटॉपसमोर झाली होती, त्यामुळे यंदा सगळे हौसेने जमले. मोदक झाले, आरत्या झाल्या, आणि मग चटया गुंडाळता गुंडाळता जो वाद सुरू झाला तो थेट पार्किंगपर्यंत पुरला. एकाचं म्हणणं, समितीतले लोक घाबरट आहेत, अमेरिकेने मे महिन्यातच सुरुवात केली. दुसऱ्याचं म्हणणं, समितीने नको म्हटल्यावरही सरकार आता मागच्या दाराने लस आणणार बघा. एकीने कुठूनतरी आलेला व्हिडिओ दाखवला. आमच्यातले एक डॉक्टर आहेत, जीपी. त्यांना सगळ्यांनी घेरलं, तर ते म्हणाले, "मला विचारू नका हो, मीच माझ्या मुलाचं अजून ठरवलेलं नाही." ते उत्तर मला सगळ्यात प्रामाणिक वाटलं, आणि त्यानेच मी सगळ्यात जास्त हादरलो.

घरातला वाद वेगळा होता. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये नागपूरला माझे सासरे गेले. दुसरी लाट, बेडसाठी फोन, ऑक्सिजनसाठी फोन, इथे बसून रात्र रात्र फोन. २३ एप्रिलला ब्रिटनने भारताला रेड लिस्टमध्ये टाकलं आणि जाणंयेणं जवळजवळ बंदच झालं. बायकोने वडिलांचे अंत्यसंस्कार मोबाईलवर पाहिले. त्यामुळे तिच्या दृष्टीने प्रश्नच नव्हता. लस आहे, ती घ्यायची. ज्यांना मिळाली नाही त्यांचं काय झालं ते आपण पाहिलंय.

आणि मी? मी रेल्वेच्या सिग्नलयंत्रणेच्या सुरक्षिततेचं काम करतो. एखाद्या फाटकावर अपघाताची शक्यता वर्षाला किती, ती कमी करायला किती खर्च, ही गणितं करण्यात माझा दिवस जातो. या देशाच्या सुरक्षा कायद्यात एक फार सुंदर कल्पना आहे. १९४९ सालच्या एडवर्ड्स विरुद्ध नॅशनल कोल बोर्ड या खटल्यातून ती आली. धोका एका पारड्यात ठेवा, तो टाळायला लागणारा पैसा, वेळ आणि त्रास दुसऱ्यात. दुसरं पारडं अगदीच अवाच्या सवा जड असेल तरच धोका तसाच ठेवायची मुभा, नाहीतर टाळायलाच हवा. मी आपला समितीचा तक्ता छापून घेतला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेन्सिल घेऊन बसलो.

तो तक्ता आजही माझ्याकडे आहे. दहा लाख धडधाकट मुलांना पहिला डोस दिला तर इस्पितळातली ८७ भरती टळतील, आणि अतिदक्षता विभागातल्या २. उलट बाजूला, हृदयाच्या स्नायूंना सूज येण्याचे, म्हणजे मायोकार्डायटिसचे, ३ ते १७ रुग्ण होतील. दुसऱ्या डोसने आणखी ६ भरती टळतील, आणि सूज मात्र १२ ते ३४ जणांना येईल. ही सूज बहुतेकांची थोड्या दिवसांत उतरत होती, पण पुढच्या काही वर्षांत त्या हृदयांचं काय होईल हे सप्टेंबर २०२१ मध्ये कोणालाच माहीत असणं शक्य नव्हतं, कारण ती वर्षं अजून उजाडायची होती.

मी म्हटलं, पहिला डोस ठीक दिसतोय, दुसऱ्याचा हिशेब जुळत नाही. बायकोने तक्त्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "तुझी फाटकाची गणितं माझ्या मुलीवर करू नकोस."

यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. आजही नाही. पण तिला जे म्हणायचं होतं ते मला खूप उशिरा कळलं. आकडे चुकलेत असं ती म्हणतच नव्हती. तिचं म्हणणं एवढंच, की दहा लाख मुलं समितीची असतात, आपली एकच असते.

आता तो गोंधळ. मला वाटतं, तेव्हा आम्हा पालकांची मुख्य चूक (आणि सरकारची त्याहून मोठी) ही होती, की आम्ही तिघांची उत्तरं ऐकली आणि प्रश्न कोणीच ऐकले नाहीत. एमएचआरएला विचारलं होतं, ही लस या वयात वापरण्याइतकी सुरक्षित आणि उपयोगी आहे का? उत्तर, हो. समितीला विचारलं होतं, केवळ या मुलांच्या स्वतःच्या तब्येतीसाठी ती सगळ्यांना देण्याइतका फायदा आहे का? उत्तर, जेमतेम, म्हणून नाही. शाळा बुडणं वगैरे गोष्टी आमच्या कक्षेत येत नाहीत, त्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा, असं समितीनेच तिथे लिहून ठेवलं होतं. आणि अधिकाऱ्यांना विचारलं होतं, शाळा धरून बघितलं तर? उत्तर, मग हो, एक डोस. तीन माणसांना तीन वेगळे प्रश्न विचारले तर तीन उत्तरं येणारच. त्यात विरोध फारसा नव्हताच. आकड्यांवरून तर अजिबात नव्हता, समिती आणि अधिकारी या दोघांपुढे तेच आकडे होते. पण आमच्यापर्यंत जे पत्रक आलं त्यात ८७ नव्हते, २ नव्हते, १७ नव्हते. फोटोत हसरी मुलं होती आणि खाली सहीसाठी जागा.

हे मला खटकतं. पालकांना आकडे झेपत नाहीत असं समजणारी मंडळी घराच्या कर्जाचे कागद मात्र त्याच पालकांना चाळीस पानी पाठवतात!

बरं, सल्ला देशागणिक बदलतो म्हणजे कोणीतरी थापा मारतंय, हाही एक लाडका समज. आमच्या दोन्ही मुलांना जन्मल्यावर इथे बीसीजी मिळाली. शेजारच्या इंग्लिश बाळाला नाही मिळाली. का? तर आमचा जन्म भारतातला, आजीआजोबा भारतात, म्हणजे क्षयाशी गाठ पडण्याची शक्यता जास्त. इथे शाळेत सगळ्यांना बीसीजी टोचायची पद्धत २००५ मध्ये बंद झाली, आता जिथे धोका तिथेच देतात. भारतात प्रत्येक बाळाला देतात. दोन्ही बरोबर आहे. कांजिण्यांचं बघा. अमेरिकेत १९९५ पासून लस आहे. ब्रिटनने तीस वर्षं ती सगळ्यांना दिली नाही, कारण इथल्या तज्ज्ञांना भीती होती, की मुलांतल्या कांजिण्या थांबल्या तर मोठ्यांना अधूनमधून होणारा संसर्ग थांबेल, त्यांची प्रतिकारशक्ती उतरेल आणि नागीण वाढेल. अमेरिकेतल्या अनुभवाने ती भीती पुरेशी खरी ठरली नाही, समितीने २०२३ मध्ये मत बदललं, आणि जानेवारी २०२६ पासून इथेही बाळांना ती लस गोवराच्या लशीतच मिळू लागली. आमच्या दोघांनी कांजिण्या यथासांग भोगल्या, तो भाग वेगळा. लिंबाचा पाला इथे कुठून आणणार, कॅलामाइनवर भागवलं.

कोविडच्या बाबतीत तर एकाच आजीच्या तीन नातवंडांची तीन तऱ्हा झाली. न्यू जर्सीतल्या माझ्या भावाच्या मुलाला मे-जूनमध्येच दोन्ही डोस मिळाले. आमच्या कन्येपुढे सप्टेंबरात प्रश्नचिन्ह. पुण्यातल्या बहिणीचा मुलगा यांच्याच बरोबरीचा, त्याला १६ मार्च २०२२ नंतर कॉर्बेव्हॅक्स, म्हणजे लसच वेगळी. माझी आई साताऱ्याला बसून हे सगळं ऐकायची आणि म्हणायची, आमच्या वेळी देवी टोचायला माणूस आला की आम्ही माळ्यावर लपायचो, आणि तो शोधून काढून टोचायचा. आम्हाला कोण विचारत होतं? तिच्या दंडावर तो व्रण अजून आहे. मी एकदा म्हटलं, तेव्हा विचारलं असतं तर तू काय सांगितलं असतंस? तर म्हणाली, "नको म्हटलं असतं. आणि मेले असते." देवीपुढे तक्ता लागत नव्हता.

असो. तर अनंत चतुर्दशी १९ सप्टेंबरला झाली, आणि २० तारखेपासून इंग्लंडच्या शाळांत लस सुरू झाली. आमच्या शाळेचा नंबर ऑक्टोबरात होता. फॉर्म ईमेलने आला आणि तसाच पडून राहिला. चार दिवसांनी कन्येने जेवताना शांतपणे विचारलं, "तुम्ही दोघं माझ्याबद्दल बोलताय, मला कोणी विचारणार आहे का?"

आणि इथे एक गंमत आहे जी भारतातल्या पालकांना सांगितली तर झीट येईल. या देशात सोळा वर्षांखालच्या मुलालाही, त्याला उपचार नीट समजत असेल तर, स्वतः संमती देता येते. १९८५ सालच्या गिलिक खटल्याचा हा निकाल. मूळ वाद गर्भनिरोधकांचा होता, पण तत्त्व लशीलाही लागू. म्हणजे आम्ही नाही म्हटलं असतं आणि तिने नर्सला पटवून दिलं असतं, तर आमची सही नसतानाही लस टोचली गेली असती. आमच्या गणपतीच्या वर्तुळात यावर भयंकर संताप होता. 'मुलं आपली की सरकारची?' वगैरे. मलाही आधी वाटला. पण तेरा वर्षांच्या पोरीने तो तक्ता माझ्याकडून मागून घेतला, दहा मिनिटं वाचला आणि विचारलं, "यात मुलगे आणि मुली वेगळे का नाही दाखवले? सूज मुलग्यांना जास्त येते ना?" तेव्हा माझा संताप जरा ओसरला. ती म्हणाली तेही खरं होतं, ही सूज तरुण मुलग्यांतच जास्त दिसत होती. मी पेन्सिल घेऊन बसलो होतो आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता.

तिने पहिला डोस घेतला. सही बायकोने केली. दोन दिवस दंड दुखला, एक दिवस ताप. दुसऱ्या डोसची शिफारस नोव्हेंबरच्या शेवटी आली, बारा आठवड्यांच्या अंतराने. तेवढ्यात ख्रिसमसच्या सुट्टीत आम्हा चौघांना ओमिक्रॉनने गाठलं. दोघं मुलं तीन दिवसांत उड्या मारू लागली, आम्ही दोघं पंधरा दिवस खोकत होतो. दुसरा डोस राहिला तो राहिलाच. चिरंजीवांच्या वयासाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये समितीने 'घाई नाही, पण हवी तर घ्या' असं सांगितलं. आम्ही घेतली नाही. या वेळी वाद झाला नाही. बायको म्हणाली, त्याला होऊन गेलाय, राहू दे. मी तक्ता काढलासुद्धा नाही.

आमचं बरोबर होतं का? कसं कळणार? पहिल्या डोसने कन्येला काही वाचवलं की ती तशीही तीन दिवसांत बरी झाली असती, हे सांगायला दुसरी कन्या हवी, लस न घेतलेली. सिग्नलच्या कामातही हेच असतं. न झालेल्या अपघाताचे आभार कोणी मानत नाही.

डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये समुद्र आहे तो एका पुलाएवढा. डेन्मार्कने पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना लस द्यायला नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरुवात केली. स्वीडनने जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं, या वयाच्या धडधाकट मुलांना आम्ही सुचवणार नाही. आणि जून २०२२ मध्ये डेन्मार्कच्या आरोग्य खात्याचे प्रमुख सोरेन ब्रोस्ट्रोम यांनी टीव्हीवर मान्य केलं, की आज जे माहीत आहे त्यावरून पाहिलं तर मुलांना लस देऊन फारसं साधलं नाही, पण तेव्हा जे माहीत होतं त्यावरून तो निर्णय योग्यच होता. लस-विरोधकांनी ते वाक्य अर्धंच उचललं. मला मात्र त्या माणसाबद्दल आदर वाटला. खुर्चीत बसून असं बोलणारा अधिकारी मी तरी फारसा पाहिलेला नाही, ना इकडे ना तिकडे.

मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. कोविडच्या लशीवरून पडलेला संशय लोक गोवरावर नेऊन ठेवतात. त्याच पार्किंगमधल्या वादातला एकजण पुढे मला म्हणाला, की धाकटीची एमएमआरही आता 'बघू' म्हणून ठेवलीय. मी त्याच्यावर ओरडलो, आणि तो आमच्याशी वर्षभर बोलला नाही. पण कोविड आणि गोवर या एका पंगतीत बसवायच्या गोष्टीच नाहीत. इथे हा खेळ एकदा होऊन गेलाय. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्डने बारा मुलांवरच्या एका निबंधातून एमएमआर आणि स्वमग्नतेचा संबंध सुचवला, पुढची काही वर्षं इंग्लंडमधलं लसीकरण घसरत ८० टक्क्यांपर्यंत आलं. 'लॅन्सेट'ने तो निबंध २०१० मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याची डॉक्टरकीही गेली. तिथे कधीही 'जेमतेम' असा हिशेब नव्हता. २०२५ मध्ये टेक्सासमध्ये गोवराची साथ आली, त्यात लस न घेतलेली दोन धडधाकट मुलं दगावली. धडधाकट हा शब्द कोविडच्या तक्त्यात फार महत्त्वाचा होता. गोवराला तो कळत नाही.

भाचीला मी हेच सांगत होतो, आणि कांदा तसाच पडला होता. तिला म्हटलं, तुझा गोंधळ आमच्यासारखा दिसतो पण तसा नाही. आमच्याकडे तिघांचे तीन निर्णय होते, आणि कोणी का ठरवलं ते उघड लिहिलेलं होतं. तुमच्याकडे जून २०२५ मध्ये आरोग्यमंत्री केनेडींनी सल्लागार समितीतल्या सतराच्या सतरा जणांना घरी पाठवून नवे नेमले. तिथे मी आधी विचारेन की आकडे कोणी मांडले, मग सल्ला काय ते. म्हणून डॉक्टरांच्या संघटनेकडे माझा कल जास्त. पण प्रामाणिकपणे हेही सांगितलं, की आमच्या ब्रिटनमध्ये धडधाकट बाळांना कोविडची लस कोणी देतच नाही, आणि ते निर्णय घेणारे काही केनेडींचे चेले नाहीत. दोन वर्षांखालच्या बाळांना मोठ्या मुलांपेक्षा धोका जास्त असतो हे खरं, म्हणून तुझ्या डॉक्टरीणबाई म्हणतील तर दे. नाही दिलीस तरी मी तुला बेजबाबदार म्हणणार नाही.

"म्हणजे तुम्ही काहीच सांगितलं नाहीत," ती म्हणाली.

मग मी विचारलं, डिसेंबरात भारतात येणार आहात ना? गोवराची लस झाली का? म्हणाली, ती तर वर्षाची झाल्यावर असते. म्हटलं, परदेशप्रवास असेल तर सहा महिन्यांनंतर एक जादा डोस आधी देतात, तो उद्याच विचार, आणि त्यावर माझ्याशी चर्चा नको. मागून बाळ रडायला लागलं. "थांबा, लिहून घेते," म्हणाली आणि पेन शोधायला गेली.